आमच्या इंजिनातली बॅटरी काढली आणि कॅपॅसिटर बसवला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेली. सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, पारा 43-44 ला, दुपारी बारानंतर सात रस्त्यावर सुद्धा शुकशुकाट, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब असा तापतो की रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी चटका बसावा. त्या खोलीत आमची आगगाडी असते.

आगगाडी म्हणजे खेळण्यातलीच, पण साधी नाही. 2006 साली माझा मामेभाऊ अमेरिकेतून आला तेव्हा अण्णांसाठी घेऊन आला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, सगळी उमर नॅरो गेजच्या इंजिनांत गेली. बार्शी लाइट रेल्वे, 1897 साली सुरू झालेली अडीच फुटी लाइन, तिच्याच जिवावर कुर्डुवाडीचं ते वर्कशॉप. रिटायर झाल्यावर आम्ही सोलापुरात घर केलं, अण्णांचा जीव मात्र वाफेतच राहिला. तर ते इंजिन ओ गेजचं, वाफेचं मॉडेल, मागे टेंडर म्हणजे कोळशाचा डबा, टेंडरात स्पीकर आणि आवाजाचा बोर्ड. रुळांच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर 32 मिलिमीटर, आणि अमेरिकेत या गेजचा स्केल 1:48 धरतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी पट्टी लावून गुणाकार केला, 32 गुणिले 48 म्हणजे 1536, आणि म्हणाले, "हे त्यांच्या गेजपेक्षा रुंद आहे आणि आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद." खरंच आहे, त्यांचा स्टँडर्ड गेज 1435, आपला 1676. आपल्या ब्रॉडगेजचं बरोब्बर मॉडेल करायचं म्हटलं तर त्याच स्केलला जवळपास 35 मिलिमीटर लागतील. असली माणसं आहेत आमच्याकडे, म्हणून आवाजाचा मुद्दा एवढा मोठा झाला.

गाडी चालते एसीवर, रुळांच्या मधोमध तिसरी पट्टी असते तिच्यातून करंट, जास्तीत जास्त 18 व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर तिकडचा, 120 व्होल्टचा, त्यामुळे त्याच्या आधी व्होल्टेज उतरवणारा एक स्टेपडाउन लावलाय. गाडी उलटी न्यायची असेल तर वेगळं बटन नाही, हँडल पूर्ण खाली आणायचं, करंट क्षणभर तोडायचा, परत द्यायचा. पहिल्यांदा तोडला की इंजिन न्यूट्रलला उभं, दुसऱ्यांदा तोडला की रिव्हर्स, मग परत न्यूट्रल, मग पुढे. म्हणजे करंट तोडणं हाच या गाडीचा गिअर आहे. आणि त्या तोडलेल्या अर्ध्या-एक सेकंदात आवाज बंद पडू नये म्हणून टेंडरात एक बॅटरी दिलेली. इंजिन उभं असताना सुद्धा आवाज येत राहतो, पंपाची ठकठक, वाफेचं सुस्कारणं, अधूनमधून कोळसा टाकल्याचा आवाज. अण्णा तेवढं ऐकायला खुर्ची ओढून बसतात. त्यांनीच मला सांगितलं की आपल्याकडे व्हॅक्यूम ब्रेक होता म्हणून उभ्या इंजिनातून इजेक्टरचा सूं असा आवाज यायचा, आणि तिकडे एअर ब्रेक, म्हणून हा ठकठक करणारा पंप. मला हे पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

तर मे महिन्यात बहिणीची पोरं पुण्याहून आली, गाडी मांडली, आणि बघतो तर काय, करंट तोडला की आवाज खट्कन बंद. परत दिला की पहिल्यापासून सुरू. स्टेशनात उभी केली की मुकी, निघताना बोंबलत उठते. आणि आणखी एक त्रास, दरवेळी आवाज पूर्ण वर. मागच्या वेळी अण्णांना कानाला बरं वाटेल तेवढा ठेवलेला आवाज ती विसरून गेलेली, दर वेळी चालू केली की शिट्टी अशी की खालच्या मजल्यावरून आई ओरडायची. दोनदा-तीनदा झाल्यावर अण्णा उठून गेले. काही बोलले नाहीत, नुसते उठून खाली गेले, आणि ते मला लागलं.

टेंडर उघडलं. चार स्क्रू, खालून. आत बघितलं आणि पोटात गोळा आला. बॅटरी फुटून आतलं पाणी बाहेर येऊन वाळलेलं, टोकांवर पांढरट खर आणि क्लिपच्या पितळी बटणांवर हिरवा गंज. चूक माझी होती ते लगेच कळलं. मूळची बॅटरी रिचार्जेबल होती, दिसायला नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीसारखी, पण आत सात छोटे सेल, प्रत्येकी 1.2 व्होल्ट, म्हणजे 8.4. ती गेली म्हणून आदल्या दिवाळीत मी दुकानातून साधी नऊ व्होल्टची आणून लावली होती. दुकानदार म्हणाला नऊ व्होल्टची एकच असते, मी ऐकलं. पण इंजिनाचा बोर्ड गाडी चालू असताना बॅटरीला सारखा चार्ज करत असतो, आणि साध्या बॅटरीत उलटा करंट घुसवला की ती गरम होते, फुगते आणि गळते. तुमच्याकडे असलं काही असेल तर साधी बॅटरी अजिबात लावू नका. आणि हल्ली मिळते ती लिथियमवाली, आत स्वतःचं सर्किट असलेली नऊ व्होल्टची रिचार्जेबल, तीही नको, तिला हे चार्जिंग कळत नाही.

साफसफाईला अर्धा दिवस गेला. बटणांवरचा हिरवा गंज काढायला कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, पंख्याखाली वाळवलं. नशीब, गळलेलं बोर्डापर्यंत गेलं नव्हतं, एका बोटाच्या अंतरावर थांबलेलं.

आता नवीन बॅटरी आणायची म्हटलं तर 8.4 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड आणता येते, पण मी जरा विचार केला की ही गाडी आपण चालवतो किती. दिवाळीत आठ दिवस, गड्ड्याच्या म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आठवडाभर, आणि मे महिन्यात. बाकी वर्षभर कपाटात, आणि कपाट त्याच तापलेल्या खोलीत. या बॅटरीचा स्वभाव असा की नुसती पडून राहिली तरी उतरते, साधी असेल तर महिन्याभरात चांगला पाव हिस्सा जातो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पूर्ण उतरलेली तशीच पडून राहिली की सात सेलांतला जो कमजोर असतो तो पहिला मरतो, आणि एक मेला की आख्खी गेली. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी टेंडर उघडा, बॅटरी शोधा, परत गळायची भीती आहेच. आणि हे सगळं कशासाठी? अर्ध्या सेकंदाच्या आवाजासाठी, आणि शेवटी गाडी बंद करताना इंजिन गार होतानाचा आवाज देऊन सेटिंग आत लिहून ठेवतं त्या दहा-अकरा सेकंदांसाठी. अकरा सेकंद, मी घड्याळ लावून नंतर मोजले.

हिशोब केला तर 8.4 व्होल्टच्या 170 मिलिअँपिअर-अवर बॅटरीत पाच हजार जूलच्या वर ऊर्जा मावते. आणि अकरा सेकंदांना लागते वीस जूलच्या आतबाहेर. घरात दोन माणसांचा भात करायचा आणि पातेलं काढायचं लग्नातलं, असं ते झालं. इथे बॅटरी नकोच, कॅपॅसिटर म्हणजे थोडा वेळ वीज साठवून ठेवणारा भाग पाहिजे, हे मला त्या दिवशी पटलं. कॅपॅसिटर पटकन भरतो, पटकन देतो, कपाटात रिकामा पडून राहिला तरी त्याला काही होत नाही, गाडी रुळावर ठेवली की परत भरतो, आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी चालतो. बाहेरच्या देशात लोक हे बऱ्याच वर्षांपासून करतायत, तयार जोडण्या पण मिळतात, पण इथे बसून तयार वस्तू मागवण्यापेक्षा हातानं करावं असं वाटलं, शिवाय पोरं बघत होती.

पहिला प्रयत्न फसला, तो नीट सांगतो कारण हीच चूक सगळे करतील. इथल्याच एका दुकानात बटणासारखे गोल चपटे सुपरकॅपॅसिटर मिळाले, 5.5 व्होल्ट, 1 फॅरड (फॅरड म्हणजे किती साठवतो त्याचं माप). दोन एकामागे एक जोडले की व्होल्ट दुप्पट आणि फॅरड निम्मे, म्हणजे 11 व्होल्ट झाले, अर्धा फॅरड. जागेत मस्त बसले. चार्ज झाले, मीटरवर व्होल्टेज छान, आणि करंट तोडला तर आवाज असा "घ्र्र" करून गेला की जणू कोणी गळा दाबला. मी म्हटलं जोडणी चुकली असेल, परत डाख दिला म्हणजे सोल्डर केलं, परत तेच. संध्याकाळी अशोक चौकात गेलो, तिथे एक काका आहेत, आयुष्यभर पॉवरलूमचे पॅनल आणि मोटारींचे कंट्रोल दुरुस्त करतात, घरी तेलुगू बोलतात आणि आमच्याशी सोलापुरी. त्यांच्या टेबलावर कॅपॅसिटर ठेवले तर हातात पण घेतले नाहीत, लांबूनच म्हणाले, "हे घड्याळ जिवंत ठेवायचे आहेत बाळा, स्पीकर वाजवायचे न्हाईत." मग समजावलं. या चपट्या प्रकाराच्या पोटातच रेझिस्टन्स मोठा असतो, तीस-तीस ओहम सुद्धा. मेमरीला मायक्रोअँपिअर लागतात तिथे तो जाणवत नाही. माझा बोर्ड करंट तोडल्यावर ओढतो साधारण 200 मिलिअँपिअर. दोन कॅपॅसिटरचे 60 ओहम, गुणिले 0.2, म्हणजे 12 व्होल्ट पोटातल्या पोटातच खाल्ले जाणार. माझ्याकडे मुळात नऊ होते. आवाज निघेल कुठून? काकांनी पाकिटाच्या मागे हा गुणाकार करून दाखवला तेव्हा इतकं स्वच्छ दिसलं की मी ते पाकीट घरी घेऊन आलो, अजून आहे.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सगळ्या कामात तोच खरा महत्त्वाचा. "बॅटरी काढून, गाडी चालू ठेवून, रिकाम्या क्लिपवर किती व्होल्ट येतात ते बघितलास का?" मी बघितले नव्हते. मला वाटत होतं 8.4 ची बॅटरी आहे म्हणजे साडेआठ-नऊ येत असतील. घरी येऊन मीटर लावला, 13.2 व्होल्ट! बोर्ड आतून एका रेझिस्टन्समधून नुसता करंट ढकलत असतो, आणि बॅटरी स्वतःच त्याला नऊ-साडेनऊच्या आसपास धरून ठेवते, बॅटरी म्हणजे एका अर्थी लगाम होता. कॅपॅसिटर लगाम नाही, तो रांजण आहे, ओतत राहाल तसं पाणी वर चढत राहणार, काठापर्यंत आणि काठाबाहेर. चांगल्या प्रकारचा सुपरकॅपॅसिटर, उभा नळीसारखा, जो भरपूर करंट देऊ शकतो, तो एक 2.7 व्होल्टचा असतो. चार जोडले तर 10.8. त्याच्यावर 13.2 गेले की चारही आटोपले. म्हणून रांजणाला भोक पाडायचं, म्हणजे 9.1 व्होल्टचा एक वॉटचा झेनर डायोड प्लस-मायनसमध्ये आडवा लावायचा, पट्टीची बाजू प्लसला. 9.1 च्या वर जे येईल ते झेनरमधून निघून जातं. चौघांच्या वाट्याला येतात 2.7 च्या जागी साधारण 2.3 व्होल्ट, आणि ते मुद्दामच कमी ठेवलेत. हे असले कॅपॅसिटर 65 डिग्रीपर्यंतचे असतात बहुतेक, पण आयुष्य उष्णतेवर जातं, दहा डिग्री कमी मिळाली की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट धरतात. आता आमच्या खोलीत दहा डिग्री कमी करणं माझ्या हातात नाही, व्होल्टेज कमी ठेवणं आहे, त्यानंही आयुष्य वाढतं.

झेनर तापेल का हे पण बघून घेतलं. रिकाम्या कॅपॅसिटरला बोर्ड 110 मिलिअँपिअर देत होता, म्हणजे आतला रेझिस्टन्स 120 ओहमच्या आसपास. 13.2 मधून 9.1 गेले, राहिले 4.1, भागिले 120, म्हणजे 34 मिलिअँपिअर झेनरमधून. गुणिले 9.1, एक तृतीयांश वॉटच्या आत. एक वॉटचा झेनर त्याला पुरून उरतो. हात लावला तर कोमट लागतो, बस.

पहिल्यांदा 10 फॅरडचे चार आणले, मित्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेला होता त्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगितले. चार एकामागे एक म्हणजे अडीच फॅरड. प्रत्येकाला 10 किलोओहमचा रेझिस्टन्स समांतर, म्हणजे चौघांत व्होल्टेज सारखं वाटलं जातं, नाहीतर एकजण जास्त घेतो आणि तोच पहिला जातो. लावले, आणि आवाज अगदी बिनतक्रार. पण दोन भानगडी. एक तर ते तीस मिलिमीटर लांबीचे, बॅटरीच्या जागेत बसेनात, बाजूला कोंबावे लागले. आणि दुसरं, भरायला पूर्ण सहा मिनिटं. बोर्ड साडेसहा व्होल्टच्या खाली गेला की गप्प होतो, त्यामुळे पहिली साडेतीन-चार मिनिटं करंट तोडला की जुनंच रडगाणं. पोरांना चार मिनिटं थांबा म्हणून कोण सांगणार. धाकटा तर दर पंधरा सेकंदांनी, "मामा, झालं का?"

इथे माझ्या डोक्यातलं एक खूळ गेलं. मला वाटायचं जितके फॅरड जास्त तितकं चांगलं. पण सेकंदांचा हिशोब सोपा आहे, फॅरड गुणिले व्होल्ट जितके उतरू द्यायचे तितके, भागिले करंट. 9.1 वजा साडेसहा म्हणजे 2.6, तर अडीच गुणिले 2.6 भागिले 0.2 म्हणजे बत्तीस सेकंद. मला पाहिजेत अकरा! वीस-एकवीस सेकंद उगाच भरत बसायचं. निम्मे केले, 5 फॅरडचे चार, म्हणजे सव्वा फॅरड, तर सोळा सेकंद मिळतात. पुरेसे आहेत, थोडे वरचे पण आहेत, आणि दोन मिनिटांच्या आत कामापुरते भरतात, तीन मिनिटांत पूर्ण. दाजी शनिवारी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार होते, त्यांना फोन केला की येताना तपकीर गल्लीतून एवढे घेऊन या. रात्री साडेदहाला दाजी आले, आंब्याच्या पेटीबरोबर छोटं पाकीट. जेवण झाल्या झाल्या बसलो.

हे छोटे दहा मिलिमीटर जाडीचे आणि वीस लांब. चार ओळीत ठेवले की चाळीस बाय वीस बाय दहा, आणि चौकोनी बॅटरी असते साधारण अठ्ठेचाळीस बाय सव्वीस बाय सतरा. म्हणजे बॅटरीच्या घरात अगदी पाहुण्यासारखे आरामात बसतात, रेझिस्टन्स आणि झेनर वरच्या अंगाला. आता एक बारीक गोष्ट, इथे मी जवळजवळ घसरलो होतो. इंजिनातल्या क्लिपला जोडायला बॅटरीचंच टोपण पाहिजे. पुष्कळजण बाजारातली लाल-काळी वायरवाली क्लिप आणून समोरासमोर दाबतात, पण तशी दाबली की लाल वायर मायनस होते आणि काळी प्लस, कारण ती क्लिप बॅटरीवर बसायला केलेली असते, दुसऱ्या क्लिपवर नाही. मी मेलेल्या बॅटरीचं वरचं टोपण कापून काढलं, साफ केलं आणि तेच वापरलं. पण तेही आतून बघितलं की आरशातल्यासारखं उलटं दिसतं. म्हणून डाख द्यायच्या आधी मीटरनं बघून प्लसच्या बटणावर आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. सुपरकॅपॅसिटर उलटा लागला की संपला, तिथे अंदाज चालत नाही.

डाख देताना पंखा बंद करावा लागतो, नाहीतर डाखाची इस्त्री गार होते. दाजी टॉर्च धरून उभे, घामानं दोघंही चिंब, अण्णा दारात. म्हणाले, "एवढ्या रात्री कशाला उघडलालास?" मी म्हटलं अण्णा, बॅटरी कायमची काढतोय. त्यांनी चारही नळ्या हातात घेऊन बघितल्या आणि विचारलं की यात आग किती वेळ राहते. आग म्हणजे काय ते मला एक क्षण कळलं नाही. मग ते सांगत बसले, रात्री इंजिन शेडमध्ये उभं केलं की आग विझवायची नसते, कोळसा मागच्या बाजूला रचून डॅम्पर बंद करून दाबून ठेवायची, म्हणजे सकाळी पहिल्यापासून पेटवायला लागत नाही, गार बॉयलर वर आणायला तासन् तास जातात आणि प्लेटींना पण ताण बसतो. "उभं राहिलं म्हणून इंजिन मरत न्हाई. मारायचं न्हाई त्याला." मी म्हटलं सोळा सेकंद राहते. म्हणाले, पुरे.

उष्णतेनं आकसणारी निळी ट्यूब वरून चढवली, टेंडर बंद केलं, गाडी रुळावर. तीन मिनिटं सगळे गप्प बसून राहिलो. मीटर बाहेर काढलेल्या दोन बारीक वायरींवर लावलेला, आठ, साडेआठ, 9.1 ला येऊन थांबला. एकेकावर पण बघून ठेवलं होतं, 2.27, 2.29, 2.24, 2.30, वाटणी चांगली झालेली. मग हँडल खाली. गाडी थांबली. पंप ठक ठक, वाफेचा सुस्कारा, एक सेकंद पण खंड नाही. परत हँडल, रिव्हर्सला शिट्टी देऊन निघाली. अण्णांनी स्वतः पाच-सहा वेळा केलं, पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल. शेवटी करंट पूर्ण बंद केला, इंजिन गार होतानाचे आवाज, हळूहळू, आणि अकराव्या सेकंदाला आपणहून शांत. मीटरवर 7.3 राहिले होते. हिशोबाला अगदी जवळ.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी गाडी चालू असताना लाइट गेली. वळवाच्या आधीचं वारं सुटलं होतं, सगळ्या गल्लीचीच गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, शेजारचा टीव्ही थांबला, अंधार, आणि त्या अंधारात फक्त इंजिनाचा आवाज चालू. पोरं ओरडणार तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. सगळ्यांनी ते अकरा सेकंद ऐकले. साध्या बॅटरीच्या वेळी अशी लाइट गेली की सेटिंग उडायचं, ती भीती आता नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. गाडी बंद केल्यावर लगेच टेंडर उघडायचं असेल तर कॅपॅसिटर भरलेले असतात हे विसरू नका, स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून ठिणगी काढू नका, 100 ओहमचा चांगला जाड रेझिस्टन्स लावून सात-आठ मिनिटं थांबा, मग मीटरनं बघा. कपाटात ठेवताना मात्र काहीच करायचं नाही, त्या 10 किलोओहमच्या रेझिस्टन्समधून ते आपोआप रिकामे होतात. आणि माझे आकडे माझ्या इंजिनाचे आहेत, तुमच्या बोर्डाचा रिकामा व्होल्टेज आणि ओढणारा करंट तुम्ही मोजल्याशिवाय झेनर आणि फॅरड ठरवू नका. मोजायला दहा मिनिटं लागतात, बोर्ड जळला तर तो इथे मिळत नाही.

जूनमध्ये पोरं गेली, गाडी कपाटात गेली. पाऊस, गणपती, दिवाळीत घरात रंगकाम निघालं म्हणून काढताच आली नाही. थेट जानेवारीत गड्ड्याला, नंदीध्वजांची मिरवणूक बघून आलो त्या दुपारी काढली, सात महिन्यांनी. मीटर लावला तर शून्यावर पुढे काही नाही. चालू केली, शिट्टी कमी आवाजात, मे महिन्यात अण्णांनी ठेवलेला तोच आवाज. दोन मिनिटांनी हँडल खाली आणलं तर पंप चालूच. आईनं खालून हाक मारली की गाडी लावलीय का, मला ऐकूच आली नाही.

मामेभाऊ आता एक डिझेल इंजिन पाठवतोय, त्याच्यात बॅटरी 2.4 व्होल्टची आहे म्हणतो, दोनच सेल. तिथे एका 2.7 च्या कॅपॅसिटरवर भागेल असं वाटतं खरं, पण आधी रिकाम्या क्लिपवर मीटर लावणार. तीनच्या आसपास दिसले तर दोन जोडावे लागतील. उरलेले 10 फॅरडचे चार डब्यात ठेवलेत.